परतुरात पडलेला बर्फ

परतूरच्या तातेराव फोटोग्राफरनं आयुष्यात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाड्यावर, नाहीतर रसवंतीच्या ग्लासात. आणि तरी या माणसानं स्टुडिओतल्या पडद्यावर, कॅलेंडर समोर ठेवून, स्वतःच्या हातानं हिमालय रंगवला होता! अर्ध्या तालुक्यातल्या नवरा-नवऱ्या त्या हिमालयापुढं हळदीच्या हातांनी उभ्या राहिल्या, कुणी हूं की चूं केलं नाही. एकदा मात्र एक रिटायर फौजी म्हणाला, "तातेराव, ह्यो बर्फ हाय का चुना?" ते असं झोंबलं त्यांना, की विचारू नका. तेव्हापासून एकच ध्यास, खरा बर्फ एकदा बघायचा, तोही आपल्या हातानं धुतलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोत. मोबाइलवरच्या फोटोला ते फोटो धरतच नव्हते.

भाचा भारत हिमाचलात लाहौलकडं रस्त्यावरचा बर्फ हटवायच्या मशीनवर लागला, तेव्हा त्यांनी आपला जुना कॅमेरा आणि उरलेला एकुलता एक रोल त्याच्या हाती दिला. मे महिन्यात रोल कुरिअरनं परत आला. फोटो छापायचे जुने कागद पाकिटात चारच उरले होते. तसला कागद आता मिळत नाही, आणि तातेरावांचे गुडघेही आता अंधाऱ्या खोलीत उभं राहू देत नाहीत. जे काय बघायचं ते त्या चारांत.

त्यात जालना जिल्ह्याचा उन्हाळा! नळाला पाणी येतं ते थेट चहाला चालेल असं कढत. त्यात रोल धुतला असता तर अख्खं चित्र सुटून वाहून गेलं असतं. मग नंदाबाई, म्हणजे तातेरावांची मंडळी, गोळेवाल्याकडून पाटीभर बर्फ घेऊन आल्या.

"बर्फ बघायसाठी बर्फच आणायचा! कमाल हाय बाई तुमची," म्हणत त्यांनी तो बादलीतल्या पाण्यात ओतला. रोल बराबर उतरला. निगेटिव्ह उजेडात धरली तर डोंगर काळेकुट्ट आणि झाडं पांढरी, सगळं उलटं.

भरदुपारी दारं-खिडक्या घोंगड्यांनी बुजवून दोघं लाल दिव्याच्या खोलीत शिरले. पहिला कागद औषधात पडला. डोंगर आला, झाडं आली, पण राखेत लोळल्यासारखी. दुसऱ्याचं तेच. तिसरा तर त्याहून मळका.

चूक कुठं होती, सांगतो. चाळीस वर्षं तातेरावांनी नवऱ्या मुलींचे पावडर थापलेले चेहरे छापले होते. कागद कोरा राहिला की गिऱ्हाईक विचारायचं, "नाक कुठं गेलं?" म्हणून पांढरं दिसलं की फोटो छापायच्या मशीनचा उजेड जास्त वेळ द्यायचा, म्हणजे कागद काळवंडतो आणि काहीतरी उमटतं. हाताला खोडच लागली होती. बर्फालाही त्यांनी तेच केलं.

नंदाबाईंनी तिसरा फोटो निरखला. "हा तर आष्टी रोडचा फुफाटा वाटून राह्यला."

"गप बस. बर्फावर काहीतरी उमटायला नको का?"

"काहून? पांढरं हाय तर पांढरं ऱ्हाऊ द्या की. तुम्ही त्याला कशाला हात लावून राह्यले?"

तातेराव आधी चिडले, मग त्यांनी तिन्ही फोटो परत निरखले. बायकोचं म्हणणं बिलकुल खरं होतं, आणि कागद एकच उरला होता. हा गेला तर बर्फ न बघताच मरायचं. सवयीनं बावीस आकडे मोजायचे, तिथं त्यांनी नवावर उजेड बंद केला. जीव नुसता तुटला त्यांचा!

कागद औषधात सरकवला. बराच वेळ काहीच नाही.

"गेला," ते पुटपुटले.

तेवढ्यात एक काळी फांदी आली. मग दुसरी, ओझ्यानं पार खाली वाकलेली. मग झाडांची रांग, आणि वर, लई वर, डोंगराची एक कड. बाकी कागदावर काहीही नाही. आणि तोच तर बर्फ होता! जिथं त्यांनी हात लावला नव्हता तिथं तो पडला होता, कमरेएवढा, मैलोन्‌मैल, कुणाचं एक पाऊल न पडलेला.

"आरं देवा," तातेराव म्हणाले, "एवढा मोठा असतोय व्हय!" ज्या कोऱ्याला ते जन्मभर भीत आले, त्याच्यापुढं ते हात जोडून उभे राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. नंदाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढला आणि अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला.