लेबलाची खालची ओळ

नर्मदेने विळीच्या पात्यावर सुतळी घासून गठ्ठा सोडला आणि वरचं लेबल उचलून उजेडात धरलं. डोक्यावरून पदर घेतलेली, मान खाली घातलेली एक बाई. तिच्याखाली ठळक अक्षरांत ‘भगिनी आगळ’ आणि अगदी तळाला एक बारीक ओळ. ती ओळ तिने वाचली आणि लेबल गुडघ्यावर ठेवलं. पहाटेपासून आगळासाठी कोकमं पिळून, रसात मीठ कालवून पाठ भरून आली होती.

“कसा वाटला, आक्का?” गुरुदासने विचारलं. हा तिचा धाकटा भाऊ गिरगावातल्या एका दुकानात कामाला होता. लेबलं मालकानेच छापवून दिली होती. “मालक म्हणता, आगळ सगळ्यांचा तांबडाच. लोकांनी ह्याच कित्याक घेवचा, तां बाटलीवर दिसाक होया.”

कशासाठी, हे मिठबावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सत्तावन्न साली गावचा एक मचवा समुद्रात गेला तो परत आला नाही. त्यावरच्या माणसांच्या घरांतल्या सात बायकांना नर्मदेने आपल्या घरामागच्या मांगरात बोलावलं आणि काम सुरू केलं. तिला स्वतःला कमी नव्हतं. नवरा भिकाजी मुंबईच्या गोदीत होता, मनिऑर्डर चुकत नव्हती. पण त्या बायका दिवस दिवस नुसत्या ओट्यावर बसलेल्या तिला बघवेनात. पावसाळ्यात काम नसे तेव्हा ती त्यांना अक्षरं शिकवी. बाकीच्या चार दिवसांत कंटाळल्या. तुळसा तेवढी टिकली.

तीच तुळसा आता खळीचं भांडं घेऊन आली. तिने एक लेबल उचललं आणि त्यावरून बोट फिरवत वाचायला लागली.

“नि-रा-धा-र... निराधार विधवांची चूल पेटती ठेवा.”

तिने लेबलावरून मान वर केली.

“निराधार म्हणजे काय गो, वयनी?”

“ज्येंका कोणाचो आधार नाय, ते.”

तुळसाने लेबल जपून गठ्ठ्यावर परत ठेवलं.

“घोव गेल्यार घर शाकारलंय मियां. चेडवाचा लगीन केलंय. आता मुंबैची लोका माझी चूल पेटवतली?” तिचा आवाज चढला नव्हता. “आगळ बरा आसा म्हणान घेवंदेत. नायतर नको घेवंदेत.”

“चार हजार छापली आसत,” गुरुदास म्हणाला. “आणि ह्या ओळीसाठीच मालक यंदा दुप्पट माल घेता.”

नर्मदेने डोळे मिटले. पावसाआधीची शेवटची बोट परवा देवगडला लागणार होती. वाद घालण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, आणि तुळसाकडे सरळ बघण्याइतकं धैर्यही.

“घरातली कातर हाड,” ती भावाला म्हणाली.

गुरुदासने आणलेल्या कातरीने सूर्य कलेपर्यंत सातही जणी आळीपाळीने, दहा-दहा लेबलं एकत्र धरून खालची ओळ कापत बसल्या. कडेला जानकीही होती. त्या मचव्यात तिचा नवरा आणि दीर दोघेही गेले होते. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. जानकी एरवीही फारशी बोलत नसे. कापलेल्या पट्ट्या तुळसाने सुपात गोळा केल्या आणि न्हाणीच्या चुलीत सारल्या. आपल्या हातून बऱ्याच दिवसांनी काही नीट झालं, असं नर्मदेला वाटलं.

पुढच्या चैत्रात गुरुदासचं पत्र आलं. आगळाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, पण बाटली पुढे करताना गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं काही राहिलं नाही, असं मालकाचं म्हणणं होतं. यंदा तो निम्माच माल घेणार होता. नर्मदेने पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं.

“पाळीपाळीन येवया,” तुळसा लगेच म्हणाली. “अर्धे आज, अर्धे फाल्यां.”

सगळ्यांनी माना हलवल्या. जानकीनेही हलवली.

काम उरकून बायका हातपाय धुवायला विहिरीवर गेल्या. जानकी मात्र रिकामी टोपली धरून दारात घुटमळली.

“वयनी, त्या ओळीमुळा माल जास्त जाय होतो?”

“होय गो.”

“माका कोणी इचारूकच नाय.” ती रागावली नव्हती. एखादी विसरलेली वस्तू आठवून द्यावी तसं तिने ते सांगितलं. “माका निराधार म्हटला असता तरी चलला असता. सासयेक रोज पेज लागता.”

नर्मदा उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी आपण जानकीच्या तोंडाकडे पाहिलं होतं का, ते तिला आठवेना. डोळ्यांपुढे येत होती ती एकटी तुळसा.

“आता इचारतंय,” ती हळू म्हणाली. “गुरुदासाक लिवू काय? ओळ परत घाल म्हणान?”

जानकीने विहिरीकडे पाहिलं. तुळसा हातांवरचे कोकमाचे डाग नारळाच्या सोडणाने घासत होती आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होती.

“आता नको,” जानकी म्हणाली. “तिका वाचूक येता.”

आणि टोपली काखेत मारून ती तुळसाची वाट बघत कुंपणाच्या बेड्याशी जाऊन उभी राहिली.