मधी फुगलेली

“मधी फुगलीय,” असं म्हणत विड्या तपासणाऱ्या बद्रीनाथने जाईबाईची जुडी टेबलाखालच्या डब्यात टाकली.

“कुठं फुगलीय? नीट बघा की.”

“बघितलं. विडी कशी पाहिजे? तोंडाशी भरीव, बुडाला निमुळती, मधी पोट न्हाई. तुमच्या विडीला सातवा म्हैना लागलाय.”

रांगेतल्या बाया हसल्या. जाईबाई हसली नाही. घाटनांदूरच्या या विडी कामगार सोसायटीची ती पहिल्या सभेपासूनची सभासद. आज सलग तिसऱ्यांदा तिच्या विड्यांची वाईट म्हणून छाट निघत होती आणि तिसऱ्या छाटीला पान बंद, वळायला पान-तंबाखू द्यायचं नाही, असा नियम होता. बहात्तरच्या त्या दुष्काळात पान बंद झालेल्या बाईला सरकारी खडी केंद्राशिवाय दुसरी जागा नव्हती. खडी फोडून जाड झालेल्या बोटांना पुन्हा विडी वळता येत नाही, हे रांगेतली प्रत्येक बाई जाणून होती.

विडी फुगण्याचं कारण साधं होतं. टेंभुर्णीचं पान भिजवून, ओल्या फडक्यात मऊ करून मगच कापायचं असतं. कोरडं पान शिरेवर ताठ राहतं आणि विडीचं पोट बाहेर येतं. पान भिजवायला टँकरमधलं एक पिंप राखून ठेवायचं, असं सोसायटीनेच ठरवलं होतं. गेले काही दिवस ते पिंप कोरडं होतं. जाईबाईने प्यायच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी पानांवर शिंपडलं होतं. तेवढ्याने पान नुसतं ओलं झालं, मऊ झालं नाही.

पिंपातलं पाणी कुठे गेलं, हे आज सगळ्यांना दिसत होतं. सोसायटीच्या अंगणात सडा घातला होता. मुंबईचे पाहुणे संस्था बघायला आले होते आणि त्यांच्या बुटांवर धूळ उडू नये म्हणून अंगण दोनदा भिजवलं होतं.

पाहुणे ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी आणलेली सिगारची लाकडी पेटी चेअरमन राधाकिशनरावांच्या मांडीवर उघडी होती.

“सगळ्या सारख्या नसतात,” पाहुणे समजावत होते. “ही लांब, शेवटपर्यंत एकसारखी. ही आखूड आणि जाड, जेवणानंतरची. आणि ही बघा. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. ही वळायला मुरलेला हात लागतो. म्हणून सगळ्यात महाग.”

“वा!” राधाकिशनरावांनी नेमकी तीच उचलून ओठांत धरली आणि पेटवली.

जाईबाईच्या मागे उभी असलेली सलिमा तिच्या कानाशी वाकली. “ए जाई, चेअरमनच्या तोंडात बघ. तुझीच विडी हाय, जरा जास्त पोटुशी.”

या वेळी बाया मोठ्याने हसल्या. बद्रीनाथने टेबलावर हात आपटला. “गप बसा! पाहुणे हायत.”

“बद्रीभाऊ,” जाईबाई म्हणाली, “छाट मोडा.”

“काय?”

“माझी छाट. माझ्यापुढं मोडा.”

हीसुद्धा सोसायटीचीच रीत होती. पूर्वीचा ठेकेदार छाटीच्या विड्या ठेवून घ्यायचा आणि दुसरं लेबल लावून बाजारात विकायचा. म्हणून सोसायटी काढताना बायांनी एकच अट घातली होती : वाईट निघालेली विडी वळणारीच्या डोळ्यांपुढे मोडायची. त्या सभेत हात वर करणाऱ्यांत राधाकिशनरावही होते. ते चेअरमन झाले आणि छाट मोडायची बंद झाली. टेबलाखाली डबा आला.

“नंतर मोडतो,” बद्रीनाथ म्हणाला.

“नंतर कोण वढतंय त्या, ते सगळ्या गावाला ठावं हाय. वाईट हाय ना माझी विडी? मग तिला धूर कावून निघतो?”

ओसरीवरचं बोलणं थांबलं. राधाकिशनराव उठून आले. “जाईबाई, काय लावलंय हे?”

“पिंपातलं पाणी अंगणात वतलं, साहेब. आन् पोट आलं म्हणून माझं पान बंद. पाण्याचं इचारत न्हाई मी. ते गेलं. छाट तेवढी मोडा.”

“पाहुण्यांपुढं तमाशा करती व्हय? वाईट काम केलंस, वर तोंड!”

पाहुण्यांनी खुर्चीतूनच विचारलं, “काही अडचण?”

“काही नाही साहेब,” राधाकिशनराव वळून हसले. “दुष्काळाने माणसं चिडखोर झालीत.”

जाईबाई खाली वाकली. तिने टेबलाखालचा डबा ओढला आणि वरची आपली जुडी तेवढी काढून घेतली. दोरा सोडला. मग एकेक विडी मधोमध मोडून ती टेबलावर ठेवत गेली. तंबाखू सांडत होता, पान करकर वाजत होतं. पान किती कोरडं आहे, ते ओसरीपर्यंत ऐकू जात होतं. सगळ्या मोडून झाल्यावर तिने पदराला हात पुसले.

“उद्यापासून पान बंद,” राधाकिशनराव म्हणाले. त्यांच्या बोटांतली सिगार विझली होती.

“ते तुमी आदीच केलतं,” जाईबाई म्हणाली आणि ओल्या अंगणातून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सलिमाच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात पान कापायची कात्री होती. विडीचं तोंड मुडपायला वाढवलेलं अंगठ्याचं नख तिने त्याच कात्रीने मुळापासून कापलं आणि कात्री पुढे केली.

“मला कावून देती गं?” सलिमाने विचारलं.

“धार हाय अजून,” जाईबाई म्हणाली आणि खडी केंद्राच्या वाटेला लागली.