अर्ध्यावर तोडलेली साक्ष

न्हाव्याला गिऱ्हाइकं 'रेडिओ' म्हणायची. दाढी उरकली तरी त्याची गोष्ट उरकत नसे. तोच माणूस अर्धांगवायूच्या झटक्यातून उठला तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. एकेका शब्दासाठी घामाघूम व्हायचा.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. बाई मुळातच उतावळी. बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी तिला बजावलं होतं, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. लागू दे लागेल तेवढा वेळ." तिथं ती मान डोलवायची. घरी मात्र—

"मला... च..."

"चहा? चादर? चष्मा? अहो, बोला ना पटकन!"

रोज सकाळी ती प्रभूकडे सहनशीलता मागायची, तीही मशीनमध्ये दोरा ओवता ओवता.

एका रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय? देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचंय?" न्हावी काठी टेकत उभा राहिला.

"देवानं... मला..."

पुढचं काही येईना. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताणल्या. मागं कुणीतरी खोकलं. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं उठून त्याचा दंड धरला. "देवानं मला बरं केलं, असं म्हणताहेत."

मंडळी म्हणाली, "आमेन." न्हाव्यानं तिच्याकडे पाहिलं, नाही अशी मान हलवली आणि खाली बसला.

त्यानंतर तो बोलेनासाच झाला. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट. तिनं रडून विचारलं, "चुकलं माझं. काय सांगायचं होतं तुम्हाला?" तो भिंतीकडे बघत राहिला.

पाळक भेटायला आले तेव्हा म्हणाले, "आता काही विचारू नका. नुसत्या जवळ बसा."

"नुसतं बसणं मला जमत नाही हो."

"म्हणूनच सांगतोय."

मग दुपारी ती मशीनवर कापड टाकून त्याच्या शेजारी बसू लागली. सुरुवातीला जीव टांगणीला लागायचा. बाह्या राहिल्यात, काज राहिलेत. हळूहळू हात मांडीवर स्थिरावले.

अशाच एका दुपारी तो म्हणाला, "तू..."

तिच्या जिभेवर दहा शब्द आले. तिनं ते गिळले. खिडकीतलं ऊन सरकत पलंगाच्या पायापाशी आलं.

"तू... गा... ना."

तो आजारी पडल्यापासून तिनं चर्चच्या गायनमंडळात पाऊल ठेवलं नव्हतं. ती गायली. आवाज फाटला, तरी गायली. तो डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका देत होता, चुकीचा.

पुढं तो दिवसाला चार-पाच शब्द बोलायचा आणि ती प्रत्येकासाठी थांबायची. एकदा धीर करून तिनं साक्षीचं विचारलं. त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं.

"वि... सरलो," तो म्हणाला आणि अर्ध्या ओठानं हसला.

थंडी सरायच्या आत दुसरा झटका आला. त्यातून तो उठला नाही.

दफनाच्या वेळी पाळकांनी विचारलं, "काही बोलणार?"

"त्यांना देवाबद्दल काहीतरी सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी सांगू दिलं नाही."

पुढं तिला बोलवेना. पाळकांनी सांत्वनाचा शब्द काढला नाही. ती सावरेपर्यंत ते तिच्या बाजूला नुसते उभे राहिले.