माझी आखूड वाव

माझ्या बायकोने, किशोरीने, पोलीस भरतीचा फॉर्म भरला, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून रेवदंड्याच्या मासळीबाजारात माझी टर सुरू झाली. "निकेश, आता घराबाहेर पडायला परवानगी काढ," असं बायजामावशी म्हणाली आणि ओळीने बसलेल्या सगळ्या बायका खिदळल्या. मीही हसलो. मला खरोखर मजा वाटत होती, कारण किशोरीला पळायला शिकवणारा मीच होतो.

ती बत्तीस वर्षांची. पदरी एक लहान मुलगी अमिषा, दहा वर्षं मासळी सुकवण्यात आणि विकण्यात गेलेली. मुक्त विद्यापीठातून शिकून तिने बी. ए. केलं, तेव्हा मला वाटलं हौस असेल. पण गेल्या वर्षी शेजारची एक होडी परत आली नाही म्हणून ती त्या घरच्या बाईबरोबर चौकीत गेली. तिथला हवालदार माणूस भला, पण घाटावरचा. होडी पाण्यातल्या कुठल्या खडपाजवळ गेली, भरती कधी लागली, हे त्याला समजावता समजावता किशोरी थकली. होडी संध्याकाळी सुखरूप आली. किशोरी मात्र घरी येऊन म्हणाली, "त्या टेबलामागं आपलं कोनतरी पायजे."

वयाच्या हिशेबाने ही तिची पहिली आणि शेवटचीच संधी. लेखीची तिला भीती नव्हती. मासळीच्या पाट्या उचलून खांदे असे झालेत की गोळाफेकीचीही नव्हती. अडचण होती ती आठशे मीटर पळण्याची. तीन मिनिटांच्या आसपास यायला हवं, नाहीतर गुण कमी पडून नाव यादीबाहेर.

मी ओहोटीच्या घट्ट वाळूत अंतर मोजून दिलं. चारशे मीटर जायचं, चारशे यायचं. "फोनवर मोज की," ती म्हणाली. मी चिडलो. अठरा वर्षं दोर मोजतोय, मला फोन शिकवणार? आमच्याकडे दोर वावेने मोजतात. दोन्ही हात ताणून पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. हिशेब केला, दोनशे एकोणीस वाव दोर मोजून टाकला, दोन्ही टोकांना बांबू ठोकले.

अडीच महिने ती त्या बांबूंमध्ये पळाली. सुरुवातीला अर्ध्यात बसायची, ओकायची, मला शिव्या द्यायची. मग हळूहळू दम वाढला. मैदानी परीक्षेला चौदा दिवस उरले असताना ती दोन मिनिटं बावन्न सेकंदांत आली. तिने मला भर किनाऱ्यावर मिठी मारली. जाळी विणणारे सगळे बघत होते, पण तिला पर्वा नव्हती.

त्याच संध्याकाळी बाबा फिरत फिरत तिकडे आले. बाबा म्हणजे अनंता तांडेल, सहा फूट उंच माणूस. मी आईवर गेलोय, बुटका. त्यांनी एका बांबूकडून दुसऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाच्या हातानं मोजलंस?"

"माज्या."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होडीवर नांगराचा दोर मी सोडतो तेव्हा दहा वावेला एक वाव जास्त सोडतो. सगळ्या खलाशांना ठाऊक आहे की निकेशची वाव आखूड. पाण्यात ती सवय हातातच बसलीय, विचार करावा लागत नाही. जमिनीवर मी ती जास्तीची वाव न धरता सरळ मोजत गेलो होतो.

बाबा गेल्यावर गुपचूप फोन काढला आणि चालत गेलो. तीनशे पंचावन्न मीटर. म्हणजे जाऊन-येऊन नव्वद मीटर कमी. तिची खरी वेळ सव्वातीन मिनिटांच्या पुढे जात होती.

रात्री बाबांना आकडा सांगितला, तर ते म्हणाले, "सांगू नको. मन मोडंल तिचं. तिकडं पळंल बरोबर."

मी दोन दिवस गप्प राहिलो. बायकोचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलो, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं तसं नाही. तो आकडा फोनवर पाहिला तेव्हा वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. नाही झाली भरती तर ती घरीच राहील. मला माझीच किळस आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्यावर मांदेली साफ करत होती. मी समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"किती कमी?"

"नव्वद."

ती उठली, हात धुतले, माझा फोन उचलला आणि थेट किनाऱ्यावर गेली. स्वतः मोजलं, स्वतः बांबू उपटला आणि पंचेचाळीस मीटर पुढे नेऊन ठोकला. मग पळाली. तीन मिनिटं सतरा. ती वाळूत बसून रडायला लागली. मी जवळ गेलो तर मुठीने वाळू फेकून मारली.

"दोन दिस का गप बसलास? दोन दिस माजं फुकट गेलं."

"वाटलं, न्हाय झाली भरती तर बरंच. तू गेलीस तर मना करमनार न्हाय."

मला वाटलं, आता उठून माहेरी जाते. पण तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "ऊठ. पुढं पळ. मना कोनतरी पुढं पायजे."

मला पळता कुठे येतं? होडीवरच्या माणसाचे पाय वाळूत ओंडक्यासारखे. तरी रोज दोन वेळा तिच्यापुढे धावलो. निम्म्या अंतरात मला ती मागे टाकायची, आणि मी धापा टाकत ओरडत राहायचो, "अजून हाय, अजून हाय!" होडीवर माझ्या जागी बाबा जात होते. बाजारातल्या बायकांना पुन्हा मजा आली, पण बायजामावशी रोज संध्याकाळी दोन उकडलेली अंडी पाठवत होती.

मैदानाच्या दिवशी अलिबागला फाटकाबाहेर मी सकाळपासून उभा होतो. किशोरी दुपारी बाहेर आली, चेहरा धुळीने माखलेला.

"तीन मिन्टं एक," ती म्हणाली. "शेवटी शेवटी वाटलं, संपलं असंल. पन मना म्हाईत होतं अजून हाय. बाकीच्या ढिल्या पडल्या, मी न्हाय पडले."

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि रस्त्यातच हुंदका फुटला. ती लाजली नाही, माझ्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

लेखी झाली, दिवस गेले आणि एका दुपारी फोनवर यादी आली. किशोरी स्वतः बघेना. मीच वर-खाली करत राहिलो, आणि मधेच तिचं नाव दिसलं. पूर्ण नाव, माझ्या नावासकट. दोनदा मोठ्याने वाचलं. आईने, म्हणजे केसरबाईने, देवापुढे नारळ ठेवला आणि गल्लीभर साखर वाटायला निघाली.

प्रशिक्षण बऱ्याच महिन्यांचं होतं, तेही घाटावर. निघायच्या दिवशी किशोरीने पत्र्याची पेटी बंद केली. अमिषा आजीच्या कडेवर होती. रिक्षा दारात उभी. सगळ्यांच्या पाया पडून ती माझ्यासमोर आली आणि हळूच विचारलं, "करमंल ना?"

हो म्हणायला किती सोपं होतं. दारात सगळे तेच ऐकायला उभे होते.

"न्हाय करमनार," मी म्हटलं, आणि पेटी उचलून रिक्षात ठेवली. "जा तू."