वीस मुलांचा परस

एकोणसाठ हजार नऊशे सत्त्याऐंशी.

जुळ्या बहिणींतली धाकटी फक्त सात मिनिटांनी धाकटी.

दर मुलामागे मोकळी जागा दोन चौरस मीटर.

छातीचं माप घेताना गिऱ्हाइकाला बोलतं ठेवावं, नाहीतर ते श्वास रोखून उभं राहतं.

हे शेवटचं शहाणपण मास्तरांचं. एकतीस वर्षं कपडे शिवलेल्या माणसाला सुनेने परस मोजायला सांगितला, तर तो गळ्यातला टेप काढणार, दुसरं काय करणार? सुनेला परसात पाळणाघर काढायचं होतं. वीस मुलांना ती हो म्हणून बसली होती, आणि यादीत अगदी शेवटी होती ती सात मिनिटांनी धाकटी.

मास्तरांनी रांगत रांगत परस मोजला. दोनशे एकोणसत्तर गुणिले दोनशे तेवीस.

"एकोणसाठ हजार नऊशे सत्त्याऐंशी चौरस इंच," ते ऐटीत म्हणाले. "साठ हजाराला तेराच कमी."

"बाबा, परस आहे, ब्लाउज नाही. अर्जात चौरस मीटर लागतात."

"इंचात कसा भरल्या अंगाचा दिसतो."

सुनेने हिशेब केला. अडतीस पूर्णांक सात. हवे होते चाळीस.

"एकोणीसच मुलं," म्हणत तिने पेन खाली ठेवलं.

मास्तरांनी पुन्हा मोजलं. तेच. मग कुंपणाच्या कडेकडेने ते नुसतेच फिरले. कुठे आत दाबलेली शिवण असती, तर उसवून दोन इंच काढले असते.

निरोप मिळताच जुळ्यांचा बाप आला. सुतार माणूस, कानामागे पेन्सिल.

"एकीला घेता आणि एकीला नाही? दोघी मिळून माझं घर डोक्यावर घेतील. बघू तो टेप."

त्याने आपला पोलादी टेप शेजारी पसरला. मास्तरांचे साठ इंच संपले, तिथे त्याचे साडेएकसष्ट भरत होते.

"मास्तर, ओढून ओढून सैल पडलाय हा."

पोलादी टेपने परस सात मीटर बाय पाच मीटर ऐंशी भरला. चाळीस पूर्णांक सहा.

"वीस मुलं," सून म्हणाली, "आणि वर एक मांजर." ती हसायला लागली ती थांबेचना. सुतारही हसला. मास्तर मात्र पायरीवर बसले.

"म्हणजे मी सगळ्यांना चुकीचेच कपडे घातले."

"माझी पँट कधी घट्ट झाली नाही बुवा," सुतार म्हणाला.

"आणि होणार कशी?" सून त्यांच्या शेजारी टेकली. "अंगही याच टेपने मोजलंत, कापडही याच टेपने कापलंत. तुमचा इंच जरा सढळ आहे, बाबा, एवढंच. परसाला नाही चालला, माणसांना चालला."

मास्तरांनी टेप उचलला, झटकला, पुन्हा गळ्यात टाकला.

"अर्जात तुझे मीटर लिही," ते म्हणाले. "पण मुलांचे वीसच्या वीस अंगरखे याच टेपने होणार. आधी त्या धाकटीला पाठव. आणि तिला बोलतं ठेव."

"ते सांगायलाच नको," तिचा बाप म्हणाला.

मास्तरांनी हाच टेप नवा विकत घेतला, त्या दिवशी दुकानदाराने तो लाकडी पट्टीवर पसरून दाखवला होता. बरोबर साठ इंच.