मामांचा पितळी फवारा आणि खिडकीतलं ऑर्किड

मी एक जुना फवारा आहे. पितळी पोटाचा, आखूड नळीचा, डोक्यावर अंगठ्याने दाबायची कळ असलेला. हसू नका, मित्रांनो. तुम्ही केस कापायला जाता तेव्हा तुमच्या डोक्यावर पाणी उडवणारी ती रंगीत प्लॅस्टिकची बाटली असते ना, तिचा मी थोरला काका लागतो. ती बिचारी वर्षभरात गळायला लागते. मी इतक्या वर्षांत फक्त एकदा वॉशर बदलून घेतला, तोही नाइलाज झाला म्हणून.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून माझं पोट गोल केलं, तळ डाग देऊन जोडला आणि नळीच्या तोंडाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. त्या भोकावर माझी सगळी अब्रू. ते जरा मोठं झालं असतं तर माझी पिचकारी झाली असती. कारागिराने माझ्यात पाणी भरलं, स्वतःच्याच तोंडावर कळ दाबली, डोळे मिटून घेतले आणि "वा!" म्हणाला. तेवढ्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मी मामांच्या दुकानात आलो. मामा म्हणजे केस कापणारे. आख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. दुकान केवढंसं! दोन खुर्च्या, दोन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ. माझी जागा आरशाखालच्या फळीवर, कात्र्यांच्या शेजारी. थंडीच्या दिवसांत मामा माझ्यात कोमट पाणी भरायचे आणि कळ दाबण्याआधी मला दोन्ही तळहातांत धरून ऊब द्यायचे, गिऱ्हाइकाच्या मानेवर गार थेंब नको म्हणून. लहान मुलं तर मला बघूनच मान खांद्यात घालून खिदळायला लागायची. किती डोकी भिजवली असतील मी! लग्नाला निघालेली, मुलाखतीला निघालेली, उगाच गप्पा मारायला आलेली टक्कलवालीसुद्धा. काय दिवस होते ते! अजूनही आठवलं की पोटात पाणी हलल्यासारखं होतं, पोट रिकामं असलं तरी.

मामांना एक खोड होती. काही वाकडं, लोंबतं दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. मानेवरची रेघ सरळ केल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला उठू द्यायचे नाहीत. वर्तमानपत्राची फाटकी कड कातरून ठेवायचे. घरी चटईचे दोरेसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. मामी शेजारणींना सांगायची की या माणसासमोर झिपऱ्या घेऊन उभं राहायची सोय नाही. तिचे केस कमरेपर्यंत होते. लग्न झाल्यापासून तिने मामांची कात्री त्या केसांना लागू दिली नव्हती. घरात दुकान नको, असं म्हणून ती विषय संपवायची.

मग एका सकाळी मामांचा हात थरथरला. पहिल्यांदा त्यांनी तो झटकला, चहा घेतला, पुन्हा वस्तरा उचलला. वस्तरा गिऱ्हाइकाच्या कानापाशी थरथरायला लागला. मामांनी तो मिटून ठेवला, तेवढी दाढी कशीबशी मशीनने पुरी केली आणि दुपारीच दुकानाचं दार ओढून घेतलं. औषधं झाली, तेलं चोळून झाली. हात काही ऐकेना. अखेर दुकान बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं जमली आणि त्यांनी मामांना एक कुंडी भेट दिली. तिच्यात लांब दांडीवर ओळीने पांढरी फुलं होती, पंख पसरून बसलेल्या पाकोळ्यांसारखी. नाव होतं ऑर्किड. मामांनी कुंडी एका हातात घेतली, मला दुसऱ्या हातात, आणि आम्ही घरी आलो.

घरी मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आणि ऑर्किड बाहेरच्या खोलीच्या खिडकीत. मी ऐन भरात होतो, मित्रांनो, आणि मला डब्यांच्या मागे ढकललं! वरून दारातून मला खिडकी दिसायची, ऑर्किड दिसायचं आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेले मामा दिसायचे. दिवसभर बोलणारा माणूस, पण आता हो-नाहीच्या पुढे जात नव्हता. जुन्या गल्लीतून जायला नको म्हणून भाजीलासुद्धा लांबच्या वाटेने जायचे. मामी एकटीच बडबड करायची आणि एकटीच हसायची. मला तिची फार दया यायची.

फुलं खूप टिकली, पण शेवटी गळाली. मामा म्हणाले, संपलं, टाकून दे. मामी ऐकेना. नीट सांभाळलं तर ते पुन्हा फुलतं, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. ती म्हणाली की तुम्ही नुसते बसलेले असता, तर आता तुम्हीच त्याच्याकडे बघा. कुंडीच्या निमित्ताने तरी या माणसाचं तोंड खिडकीकडे वळेल, एवढीच तिची आशा होती.

आणि काय सांगू! मामांनी मला खाली काढलं. चिंच लावून घासलं, पाणी भरलं आणि सकाळ-संध्याकाळ ऑर्किडवर फवारायला लागले, अगदी डोकं भिजवतात तसं, बरोबर मध्यावर. कळ दाबताना त्यांचा हात थरथरला तरी बिघडत नव्हतं, उलट पाणी जास्त पसरत होतं. मामा शीळ घालायला लागले. मीही ऐटीत होतो. आम्हा दोघांना वाटलं, जमलं की!

त्यातच कुंडीच्या काठावरून मुळं बाहेर यायला लागली. जाड, रुपेरी, एक इकडे तर एक तिकडे. मामांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी मामी बाजारात गेली असताना त्यांनी कपाटातून जुनी कात्री काढली. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. कुंडी गोल फिरवत फिरवत त्यांनी एकूण एक मूळ काठाबरोबर कातरलं आणि मानेवरून झटकावं तसं कुंडीवरून फडकं झटकलं. मामी आल्यावर त्यांनी तिला मोठ्या कौतुकाने कुंडी दाखवली. मामीला तरी कुठे काय माहीत? तीही छान म्हणाली. कात्री हातात घेतलेला नवरा तिला कितीतरी दिवसांनी दिसला होता.

पंधरा दिवसांत ऑर्किडने मान टाकली. पानं सुरकुतली, एक पिवळं पडलं आणि मधल्या कोवळ्या पानाचं बूड काळं झालं. मामांनी ते बोटाने नुसतं हलवलं तर ते हातातच आलं. मग त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली, कपाटाच्या तळाशी टाकली आणि म्हणाले, "माझा हात लागला की बिघडतंच सगळं. पुन्हा मला कात्री देऊ नकोस."

भिंतीकडे तोंड करून मामी भांडी घासत राहिली आणि मध्येच तिने मनगटाने डोळे पुसले. ऑर्किड गेलं तर या माणसालाही आता कुणी खुर्चीतून उठवू शकणार नाही, ही भीती तिच्या पोटात बसली होती. माझ्याही.

दुसऱ्या दिवशी ती कुंडी कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेली आणि सगळं समजून घेऊन परत आली. ही झाडं मातीतली नाहीत, झाडांच्या फांद्यांवर राहणारी आहेत. ती बाहेर येणारी मुळं म्हणजे त्यांची पाणी पिण्याची तोंडं, ती कधी कापायची नाहीत. फवारा मारायचा नाही, पानांच्या मध्यात पाणी साचलं की झाड कुजतं. मुळं रुपेरी दिसली की कुंडी थोडा वेळ पाण्यात ठेवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. उजेड भरपूर हवा, पण ऊन थेट नको. आणि आत्ता सर्वांत आधी कुजलेली मुळं काढून टाकायची, नाहीतर उरलेलीही जातील.

तिने टेबलावर कागद पसरला आणि झाड कुंडीतून अलगद बाहेर काढलं. आत मऊ, तपकिरी लगदा, आणि त्यात अडकलेली तीन-चार टणक हिरवी मुळं. कुजकं काढायचं आणि हिरव्याला धक्का लावायचा नाही. मामीने कपाटाच्या तळातून कात्री काढली, उकळत्या पाण्यात बुडवून पुसली आणि मामांसमोर ठेवली.

"तुम्हीच कापायचं."

"हात बघ माझा."

"बघितलाय. मी मनगट धरते. तुम्ही कापा."

मामांनी कात्री उचलली. मामीने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून टेबलाच्या कडेवर टेकवलं. हात थरथरायचा थांबला नाही, पण थरथर कमी झाली. मामा श्वास रोखायचे, एक मूळ कापायचे आणि पुन्हा श्वास घ्यायचे. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटचा कुजका तुकडा कागदावर पडला आणि हिरवी मुळं सगळी शाबूत राहिली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मामीने झाडाच्या वाळक्या सालीचे तुकडे घालून झाड पारदर्शक कुंडीत बसवलं, आतली मुळं दिसावीत म्हणून. त्याआधी, कापून झाल्यावरही तिने बराच वेळ मामांचं मनगट सोडलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो.

आणि मला पुन्हा फळीवर ठेवलं! याच्याजवळ फवारा आणायचा नाही, असं मामीने बजावलं. वाईट वाटलं हो. खूप वाईट वाटलं. पण झाडाच्या जिवावर उठून मला मिरवायचं नव्हतं.

पुढे नुसती वाट बघणं आलं. मामा रोज खिडकीशी जाऊन मुळांचा रंग बघायचे आणि हिरवी असली की कुंडीला हात लावायचे नाहीत. बाहेर आलेल्या प्रत्येक वाकड्या मुळाकडे बघून त्यांची बोटं वळवळायची आणि ते हात खिशात घालायचे. मधलं पान गेलं होतं, तरी बाजूने एक नवं पान आलं. उन्हाळा गेला. रात्री गार पडायला लागल्या, तेव्हा फुलवालीच्या सांगण्यावरून ते रात्री खिडकी किंचित उघडी ठेवायला लागले आणि स्वतः स्वेटर घालून झोपायला लागले. मामी शाल लपेटून कुरकुरायची, पण तिनेही खिडकी कधी लावली नाही.

एका सकाळी पानाच्या खालून एक हिरवं टोक डोकावलं. मामा म्हणाले, मूळ आहे. मामी म्हणाली, दांडी आहे. आठवडाभर दोघं त्यावरून भांडले. दुकान बंद झाल्यापासून मामा इतकं बोलले नव्हते! मूळ असतं तर टोक गोल, गुळगुळीत असतं. याचं टोक तान्ह्या बाळाच्या हातमोज्यासारखं होतं, एका बाजूला अंगठा फुटल्यासारखं. मामी जिंकली. दांडी वाढली, कळ्या धरल्या आणि एके दिवशी पहिली पाकोळी उघडली. मामांनी चपला घातल्या आणि थेट जुन्या गल्लीत जाऊन दोन-तीन गिऱ्हाइकांना पकडून घरी आणलं. चहावर चहा झाला. ते सगळं मी वरून पाहिलं आणि मला आमचं दुकान आठवलं. मला रडता येत असतं तर मी तिथेच गळलो असतो.

यंदाही फुलं गळाली. पण या वेळी संपलं असं कुणी म्हणालं नाही. दांडी हिरवी असेल तर खालून दुसऱ्या गाठीच्या वर कापायची, म्हणजे तिथून नवा फाटा फुटू शकतो, हे आता मामांनाच पाठ होतं. त्यांनी कात्री घेतली. उजवं मनगट स्वतःच्याच डाव्या हाताने धरलं आणि कापलं. मामी शेजारी उभी होती, तिने हात पुढे केला नाही.

मग तिने कात्री ठेवू दिली नाही. खुर्ची ओढून ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि तिने अंबाडा सोडला. आता केस पांढरे होते, पण अजून कमरेपर्यंत होते.

"खांदे दुखतात हो. वेणी घालवत नाही मला. मानेपर्यंत करा."

"अगं, हात हलला तर?"

"हलला तर हलला. केसच आहेत, परत येतील."

मामा स्वयंपाकघरात आले, डबे सरकवले आणि त्यांनी मला खाली घेतलं. माझ्यात कोमट पाणी भरलं. मला दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली, थंडीच्या दिवसांत द्यायचे तशी. मग कळ दाबली. आणि मामी, इतक्या वर्षांची मामी, मान खांद्यात घालून खिदळली.

मित्रांनो, तुमच्या घरी फुलं गळलेलं ऑर्किड असेल तर ते टाकू नका. पानं टणक असतील, मुळं हिरवी असतील तर ते जिवंत आहे, त्याला उजेड द्या, बेताचं पाणी द्या आणि त्याची वाट बघा. आणि कुणाचा हात थरथरत असेल तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. जरा मनगट धरा. राहता राहिलो आम्ही जुने फवारे. आम्हाला कोरडं ठेवू नका, एवढंच मागणं आहे. वॉशर वाळून जातो. मामी आता दर महिन्याला खिडकीपाशी खुर्ची ओढून बसते, त्यामुळे माझा अजून ओला आहे.