पेल्यातलं वजन

“पाण्याला वजन नसतं का?” लिफ्टचा मिस्त्री ओरडला.

लिफ्टचं दार उघडं होतं आणि आतला भोंगा कोकलत होता. चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब पाण्याचे मोठाले जार लिफ्टभर रचून स्वतः मधोमध उभे होते.

“अहो, पाणीच तर आहे,” वकील म्हणाले. “लोखंड थोडंच भरलंय?”

“लिफ्टला काय कळतंय पाणी का लोखंड? दोन जार उतरवा, भोंगा आपोआप बंद होतो.”

“जार कशाला? तुम्ही पाय आत ठेवला म्हणून वाजला तो. तुम्ही बाहेर थांबा, आणखी चार जार मावतील.”

मागे ताटकळलेले दोघेतिघे फिस्सकन हसले. मिस्त्रीही हसला. लहानपणापासून तो असाच हसत आला होता. जाड्या माणसाकडून जगाची अपेक्षा तरी काय असते? वाटेत येऊ नये, आणि स्वतःवरचा विनोद आपणच आधी हसून उचलून धरावा. एवढं केलं की लोक त्याला दिलदार म्हणतात.

पण आज ते हसू अर्धवटच राहिलं. दुपारी त्याला इस्पितळातल्या काट्यावर उभं राहायचं होतं.

त्याच्या ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून धुऊन आणावं लागायचं. तिच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची किडनी रक्तदाबापायी नाकारली गेली. मिस्त्रीची जुळली. रक्त, पेशी, सगळं असं जुळलं की डॉक्टरही खूश झाले. फक्त माणूस फार जाड निघाला. “एवढ्या चरबीत ऑपरेशन करायला तुम्हालाच धोका,” डॉक्टर म्हणाले, “आणि पुढे उरलेल्या एकाच किडनीवर एवढ्या देहाचा भार. वजन उतरवा, दारू कमी करा. मग तारीख देतो.”

काही लोक घर सोडून जातात, तसं मिस्त्रीनं त्या दिवसापासून जेवण सोडलं. उकडलेला कोबी, काकडी, एक अंडं. संध्याकाळी पातळ सूप. कामावर तो लिफ्टनं जाईना, जिन्यानं चढे. त्यावरून एका इमारतीत बोंब झाली की, लिफ्टचा मिस्त्रीच जिना चढतोय म्हणजे लिफ्टचं काही खरं नाही. दोन म्हाताऱ्यांनी त्या दिवशी खाली उतरायचं रद्द केलं.

एवढं करून काटा हलेना. पहिल्या महिन्यात जेमतेम किलोभर उतरला. दुसऱ्यात जिथल्या तिथे.

त्या दुपारी नर्सनं काट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, वाढलंय हो.”

मग त्याला एका छोट्या खोलीत बसवलं. तिथं समुपदेशक बाई होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“जेवणाचं आम्हाला सांगता ते खरं आहे ना?”

“खरंच आहे.”

“चोरून काही? रागावणार नाही मी.”

“बाई, मी उपाशी आहे. भुकेनं रात्री झोप लागत नाही.”

बाईंनी समोरची फाईल मिटली. मग फार मऊ आवाजात म्हणाल्या, “हे बघा, तुम्हाला द्यायची नसेल तर आम्हाला सांगा. घरच्यांना आम्ही सांगू की, तपासण्या जमल्या नाहीत. तुमच्यावर काही येणार नाही. पुष्कळांना भीती वाटते. मग ते तोंडानं नाही म्हणत नाहीत, असं काहीतरी करतात.”

बाई वाईट नव्हत्या. नातेवाइकांनी मानेवर बसून आणलेली माणसं त्या रोज बघत असतील आणि अशा माणसांना सुटकेची वाट दाखवलीच पाहिजे. पण मऊ आवाजात माणसाला चोर ठरवता येतं, हे शिकलेल्यांना कोण सांगणार? शिवी दिली तर माणूस उलटून शिवी तरी देतो. सहानुभूतीला काय उत्तर द्यायचं?

मिस्त्री उठला. ग्लासातल्या पाण्याला त्यानं हात लावला नाही.

कामावरून तो रोज ताईकडेच जायचा. त्याचं स्वतःचं घर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची एक खोली, तिथं वाट पाहणारं कुणी नव्हतं. आल्या आल्या त्यानं वकिलाचा किस्सा सांगितला. भोंग्याचा आवाजही काढून दाखवला. ताई हसली. मग म्हणाली, “काट्याचं सांग.”

“वाढलंय.”

ताई पलंगावर बसली होती. हातात तिचा पेला. पेला कसला, लहान मुलांना औषध पाजतात तसली स्टीलची वाटी. दिवसभरात असे मोजके पेले पाणी, चहा आणि सूप त्यातच धरून. त्याहून थेंब जास्त झाला तर पाय सुजायचे, श्वास लागायचा. तहान फार झाली की ती बर्फाचा खडा तोंडात धरून डोळे मिटून बसायची. लोक देवापुढे बसतात तशी.

तिनं पेला खाली ठेवला.

“ढब्बू,” ती म्हणाली. हे नाव तिनंच ठेवलेलं, तो रांगत होता तेव्हा. “तुला भीती वाटत असेल तर सांग. मी नाही रागवणार. तुझ्या जागी मी असते तर मलाही वाटली असती.”

मिस्त्रीला वाटलं, इस्पितळातल्या बाईंनी फोन केला की काय. फोन कुणी केला नव्हता. काट्याचा आकडा ऐकून कुणाच्याही मनात जे येईल तेच तिच्या मनात आलं होतं.

तो वळला. गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

हे दार हा त्या घरातला नियम होता. ताईला पाणी मोजून मिळायला लागलं, तेव्हापासून तिच्यासमोर कुणी घोटभरही प्यायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप ठरलं. पाण्याचं पिंप गॅलरीत गेलं. दाजींची संध्याकाळची बैठकही गॅलरीत गेली. पेले तिथंच धुवायचे, तिथंच पालथे घालायचे. ताईच्या कानावर ओतण्याचा आवाजसुद्धा पडता कामा नये.

“या मेव्हणे,” दाजी म्हणाले.

दाजी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. अंगानं सुतळी. बायकोला आपली किडनी चालली नाही, हे त्या माणसाला आतून कुरतडत होतं. ज्याची चालणार होती, त्याची सेवा तरी करावी म्हणून ते रोज संध्याकाळी मेव्हण्यासाठी पेला बनवत. आणि बनवत म्हणजे नुसतं ओतत नसत. तळाशी लाल सरबताचा पाक, त्यावर डब्यातला संत्र्याचा रस, मग चमच्याच्या पाठीवरून हळूच रंगहीन दारू, वर फेसाळतं गोड सोड्याचं पेय. उजेडात धरला की पेल्यात सूर्य बुडताना दिसायचा.

“आज हिरवा करू? लिंबाचा पाक आणलाय.”

“काहीही करा.”

मिस्त्रीनं जवळजवळ सगळा पेला घशाखाली लोटला. उपाशी पोटात तेवढाच आधार वाटायचा, हे त्याला ठाऊक होतं. का वाटायचा, ते त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

“दाजी, ताईला वाटतंय मी टाळतोय.”

“छे!”

“तिनं तोंडावर विचारलं.”

दाजींनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “तुम्हाला काय वाटतं?” मिस्त्रीनं विचारलं. त्याला उत्तर त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पण दाजी म्हणाले, “जरा जास्त चाला, मेव्हणे.” म्हणजे त्यांच्याही मनात आलं होतं.

मिस्त्रीनं पेला कठड्याच्या फरशीवर ठेवला. सूप न घेता निघून गेला. दाजी कितीतरी वेळ तिथंच बसले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा पेले न धुताच आत गेले.

सकाळी ताईचा फोन आला. “ये. आत्ताच्या आत्ता.”

मिस्त्री धावत जिना चढला. त्याच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं, ते लिहीत नाही. घरात शिरला तर पलंग रिकामा. गॅलरीचं दार सताड उघडं, आणि कित्येक महिन्यांत तिथं पाऊल न टाकलेली ताई कठड्याला धरून उभी.

“हे बघ.”

पेल्यात तळाशी घट्ट हिरवट थर बसला होता. पेल्याच्या आत मुंग्या, बाहेर मुंग्या, आणि खाली फरशीवरच्या ओघळापासून भिंतीतल्या भेगेपर्यंत मुंग्यांची दाट रांग.

“दारूला मुंग्या लागतात का रे?” ताई म्हणाली.

मिस्त्रीनं वाकून पेल्यात पाहिलं.

“अहो!” तिनं आत हाक मारली. दाजी दाढीचा साबण गालाला तसाच ठेवून आले. “काय पाजता तुम्ही याला?”

“अगं, दारू नावालाच. थेंबभर. डॉक्टर म्हणाले कमी करा, म्हणून मी दारू कमी केली आणि बाकीचं वाढवलं.”

“बाकीचं म्हणजे काय? काढा बाहेर.”

दाजींनी जुन्या रंगांच्या कपाटातून एकेक बाटली काढली. लाल पाक, लिंबाचा पाक, रसाचे डबे, गोड सोडा. दारूत घालतात त्या कडवट टॉनिक वॉटरची बाटलीही निघाली. ते कडू लागतं म्हणजे त्यात साखर नसणार, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ताईनं ती डोळ्यांजवळ नेली. बाटल्यांवर फळांची चित्रं माणसाच्या मुठीएवढी. साखर कुठंतरी मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. विकणाऱ्यांना लाज नसते, पण अक्कल असते.

“हे रोज?”

“रोज नाही,” दाजी म्हणाले. मग म्हणाले, “रोजच.”

“किती पेले?”

“दोन. फार उपाशी दिसले तर तिसरा.”

“आणि साखर नसती, तरी दारू काय वाऱ्याची असते? तीही अंगाला लागतेच.” ताई मिस्त्रीकडे वळली. “पाण्याला वजन नसतं का, म्हणून लोकांवर ओरडतोस ना रे? त्या वकिलाला जार उतरवायला लावलेस, आणि स्वतः? मला यंत्रावर घेतात तेव्हा आधी काट्यावर उभी करतात. दोन दिवसांत जे प्याले, ते सगळं त्यात दिसतं. पिण्याचा हिशोब या घरात माझ्याइतका कुणाला येतो? मला एकदा दाखवायचं नाही?”

“तुझ्यासमोर पेला कसा आणायचा?” दाजी म्हणाले.

दाजींच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. या दोन माणसांनी मायेपोटी एक दार लावून घेतलं होतं आणि त्या दाराआड रोज थोडं थोडं करून तिचं आयुष्य लांबणीवर टाकलं होतं. वैऱ्याला हे इतक्या नीटपणे जमलं नसतं.

“दार उघडं ठेवा आता,” ताई म्हणाली. “मला तहान लागते ती तुमच्या पिण्यानं लागत नाही.”

दाजींनी बाटल्या मोरीत ओतल्या. लाल, केशरी, हिरवा. एकमेकांत मिसळून शेवटी सगळ्याचा मातकट रंग झाला. चित्रकलेच्या मास्तरांनी त्यावर तांब्याभर पाणी टाकलं आणि आत जाऊन उरलेली दाढी केली.

जिन्याशी ताईनं मिस्त्रीची बाही धरली. “काल मी जे बोलले ना...”

“जाऊ दे.”

“मला खरंच वाटलं होतं रे.”

“कुणालाही वाटलं असतं,” तो म्हणाला. पण बाही तिनं बराच वेळ सोडली नाही, आणि त्यानंही सोडवून घेतली नाही.

पुढे गॅलरीची बैठक तिघांची झाली. ताईची खुर्ची दाराशी. तिच्या हातात तिचा पेला, यांच्या हातात साधं पाणी आणि बर्फ. पहिले काही दिवस मिस्त्री चिडचिडा झाला, डोकं धरून बसायचा. गोडाची ओढ दारूपेक्षा चिवट निघाली. दाजी तर हात रिकामे म्हणून कासावीस. मग काटा हलायला लागला. आधी कुरकुरत, मग नियमानं.

पुढच्या खेपेला समुपदेशक बाई प्रसन्न हसल्या. “बघा! मनावर घेतलंत की होतं.”

“मनावर आधीही घेतलं होतं,” मिस्त्री म्हणाला. “तुम्ही रोज काय खाता ते विचारलंत. पिता काय, ते नाही विचारलंत. ‘कधीतरी दोन पेग’ एवढं मी सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत. चूक माझीही आहे. पण पुढच्या माणसाला भित्रा ठरवायच्या आधी विचारा बाई, तो पितो काय.”

बाईंचं हसू गेलं. त्या रागावल्या नाहीत. “तुम्हाला लागलं ते,” त्या म्हणाल्या.

“लागलं,” मिस्त्री म्हणाला, आणि या वेळी पुढे ठेवलेलं पाणी प्यायला.

तारखेला अजून अवकाश होता, अजून उतरायचं होतं. ताईचा चेहरा दिवसेंदिवस राखेसारखा होत चालला होता, आणि तिच्याकडे किती वेळ आहे हे तिला कुणी सांगत नव्हतं. तीही विचारत नव्हती.

एका संध्याकाळी मिस्त्री गॅलरीत आला तो कमरेशी पँट सावरत.

“पट्टा काढा, मेव्हणे,” दाजी म्हणाले.

त्यांनी रंगांच्या कपाटातून कर्कटक काढलं, पट्टा कठड्यावर ठेवला आणि टोक दाबून, फिरवून एक भोक पाडलं. मापात, गोल. मग कुणी न सांगता थोड्या अंतरावर दुसरं पाडलं. मग तिसरं.

“अहो, पुरे,” ताई म्हणाली. “एवढा कुठं बारीक झालाय तो?”

“होतील.”

ताईनं पट्टा मांडीवर घेतला. पहिल्या भोकावरून बोट सरकवत शेवटच्यावर आणलं आणि तिथं अंगठा दाबून धरला.

“इथवर आलास की तारीख ना?” तिनं विचारलं.

“इथवर,” मिस्त्री म्हणाला.

ताई आणि दाजी पट्ट्यावर वाकून बराच वेळ ती भोकं बघत राहिले. पँट एका हातानं धरून मिस्त्री शेजारी उभा राहिला. पट्टा द्या लवकर, असं तो म्हणाला नाही.